पिठाला कडूपणा आला कुठून?

बाजरीचं कडू झालेलं पीठ तुम्ही कधी चाखलंय? भीमेच्या काठावर, अलीकडे शिरूर तालुका आणि पलीकडे दौंड, अशा वडगाव रासाईत हा प्रश्न विचारलात तर पोरं हसतील. त्यात काय विचारायचं? पीठ जुनं झालं की भाकरी कडू लागते आणि ती म्हशीच्या पुढ्यात जाते! म्हणूनच तर आई बाजरीचं दळण एकदम दहा किलोचं नेऊ देत नाही. दोन-तीन किलोचा डबा, चार दिवसांनी पुन्हा एक चक्कर, आणि गिरणीपुढच्या रांगेत उभं राहायचं काम बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यात लहान माणसाकडे.

आता गंमत बघा. ज्या बाजरीचं हे पीठ, ती बाजरी गेल्या सुगीपासून घरातल्या कोठीत पडून आहे. सात-आठ महिने झाले, तिला काही झालेलं नाही. तिकडे किराणा दुकानातला मैद्याचा पुडाही महिनोन्‌महिने मजेत असतो. अख्खी बाजरी टिकते, मैदा टिकतो, पण बाजरीचं पीठ मात्र आठ-दहा दिवसांत तोंड वाकडं करायला लावतं. उन्हाळ्यात तर त्याच्याही आधी. गिरणीवाल्याने त्यात काही मिसळलं का? छे, तो बिचारा उगाच बदनाम होतो. कडूपणा बाहेरून आलेला नसतो. तो तुमच्या डब्यात, झाकणाखाली, गुपचूप तयार झालेला असतो.

तयार कसा होतो ते कळायला बाजरीचा एक दाणा तळहातावर घ्या. जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा. एक टोक गोलसर, दुसरं निमुळतं. भिंग असेल तर उत्तमच, नसेल तर उजेडात धरा. निमुळत्या टोकाकडे एक फिकट, लांबट ठिपका दिसेल. तो आहे अंकुर, म्हणजे उद्याचं बाजरीचं रोप, सध्या गाढ झोपलेलं. बाकीचा पांढरा, पिठूळ भाग ही त्या रोपाची शिदोरी. पहिलं पान उन्हात येईपर्यंत त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही, तोवर ही शिदोरी पुरवून खायची. आणि या सगळ्यावर घट्ट बसलेलं साल, म्हणजे कोंडा.

गव्हातही हेच तीन भाग असतात आणि तांदळातही. पण बाजरीची एक खासियत आहे. गव्हाच्या दाण्यात अंकुराचा वाटा असतो शंभरात साधारण तीन. बाजरीच्या दाण्यात तो असतो शंभरात सोळा-सतराच्या आसपास! दाणा एवढासा आणि त्यातलं बाळ केवढं! धान्यातलं तेल बहुतेक या अंकुरात असतं. त्यामुळे १०० ग्रॅम बाजरीत साधारण ५ ग्रॅम तेल निघतं, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात अर्धा ग्रॅम.

दाण्यात तेलाबरोबर आणखी एक गडी राहतो. त्याचं नाव लायपेज. हे एक विकर आहे, आणि विकर म्हणजे शरीरातली किंवा बियाण्यातली तोडजोड करणारी कामकरी मंडळी. लायपेजचं काम तेल तोडायचं. दाणा रुजायला लागला की वाढत्या रोपाला तेल वापरता यावं म्हणून ही सोय. दाणा अख्खा आणि कोरडा असतो तोवर तेल एकीकडे, लायपेज दुसरीकडे, दोघांची गाठ पडत नाही. पण गिरणीच्या दगडांमधून दाणा गेला की सगळ्या भिंती फुटतात. लायपेजला वाटतं, चला, कामाला लागा! ते तेलाचे तुकडे करत सुटतं. त्यातून मेदाम्लं सुटी होतात, त्यांच्यावर हवेतला ऑक्सिजन चाल करून येतो आणि पिठाला कडवट चव व खवट वास येतो. जागा उबदार आणि दमट असेल तर कामाला आणखी जोर.

मग मैद्याला हे का होत नाही? कारण मैदा करताना अंकुर आणि कोंडा दोन्ही काढून टाकलेले असतात. उरते नुसती शिदोरी. तेल जवळजवळ नाहीच, तर कडू काय होणार?

म्हणजे टिकण्याच्या दोन तऱ्हा झाल्या. कोठीतली बाजरी टिकते, कारण ती जिवंत आहे आणि अजून तिचं दार कुणी उघडलेलं नाही. मैदा टिकतो, कारण त्यातलं बिघडण्याजोगं सगळं आधीच बाहेर काढलेलं आहे. पण बिघडण्याजोगं जे होतं, तेच बरंचसं पौष्टिक होतं! १०० ग्रॅम कोंड्यासकट कणकेत तंतू साधारण ११ ग्रॅम असतात, मैद्यात तीनसुद्धा भरत नाहीत. हे तंतू आपल्याला पचत नाहीत. मग खायचे कशाला, असं विचाराल. ते आपल्यासाठी नाहीतच, पाहुण्यांसाठी आहेत. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जीवाणू राहतात, त्यांचं हे जेवण. ते तंतू खातात आणि त्यातून अशी काही आम्लं बनवतात, ज्यांच्यावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. शिवाय सकाळचं काम बिनतक्रार होतं. नाकं मुरडू नका, विज्ञानात हेही येतं.

आजीला विचारलंत तर जुन्या पिठाबद्दल ती आणखी एक गोष्ट सांगेल: पिठाची विरी गेली. म्हणजे पीठ धरून राहत नाही, भाकरी थापताना कडा फाटतात. गव्हाच्या कणकेत चिकटपणा आणणारं ग्लुटेन असतं, ते बाजरीत नाही. म्हणून बाजरीची भाकरी हे कसबाचं काम. काठवटीत पीठ घेऊन त्यात कढत पाणी ओतायचं, म्हणजे पिठातलं थोडं पिष्ट लगेच शिजून खळीसारखं चिकट होतं. मग तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळायचं. थापून तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा. उलटायची, मग थेट आरावर. आतल्या पाण्याची वाफ बाहेर पडायला धडपडते आणि पापुद्रा टम्म फुगतो. हे सगळं ताज्या पिठाचं. विरी गेलेल्या पिठासमोर भलीभली सुगरण हात टेकते.

पिठाशी एक जादूही करता येते. दोन वाट्यांत चमचाभर बाजरीचं पीठ घेऊन थोडं पाणी घाला. दोन्हीकडे तोच राखाडी रंग दिसेल. आता एका वाटीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाका. लिंबाच्या वाटीतला रंग फिका पडेल, सोड्याच्या वाटीतला पिवळसर-हिरवट होईल. बाजरीच्या राखाडीपणामागे फ्लॅव्होनॉइड नावाची रंगद्रव्यं आहेत, आंबट-खाऱ्याप्रमाणे ती आपला रंग बदलतात. (हा प्रयोग खायचा नाही. लिंबाची वाटी थालीपिठात खपवता येईल, पण सोड्याची नको.)

लिंबाचं नाव निघालंच आहे तर हेही ऐका. १०० ग्रॅम बाजरीत साधारण ६ मिलिग्रॅम लोह असतं, पांढऱ्या तांदळाच्या जवळजवळ दसपट. पण धान्यातलं लोह सहजासहजी अंगी लागत नाही, कारण दाण्यातली फायटेट नावाची द्रव्यं त्याला धरून ठेवतात. क जीवनसत्त्व मदतीला आलं की ती पकड सैल होते. म्हणून भाकरीबरोबर लिंबू पिळलेली मटकीची उसळ, पेरू, आवळा असलं काही हवं. मटकीला मोड आणले की फायटेटही कमी होतं. आणि जेवल्याजेवल्या चहा? तो मात्र लोहाच्या वाटेत आडवा येतो. हे वाक्य बाबांना वाचून दाखवा.

या बाजरीचे पूर्वज कुठले माहीत आहेत? आफ्रिकेतले. सहाराच्या दक्षिणेला, आज जिथे माली देश आहे तिथे, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची पाळीव बाजरी सापडली आहे. तिथून ती समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि पार घरचीच झाली. गंमत म्हणजे नाळ अजून तुटलेली नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने मिळून ‘धनशक्ती’ नावाचा जास्त लोहाचा वाण दिला. २०१४ मध्ये तो देशभरासाठी प्रसारित झाला. तो ज्या वाणातून निवडला, त्याचं मूळ आहे आफ्रिकेतल्या टोगो देशातली बाजरी!

आता थोडं तांदळाकडे वळू. स्वयंपाकघरातून पांढऱ्या तांदळाचे चार दाणे आणा आणि नीट निरखा. प्रत्येक दाण्याचं एक टोक तिरकं, थोडं खाचलेलं दिसेल. दाणा फुटलाय असं वाटेल, पण फुटलेला नाही. तिथे अंकुर होता. तांदूळ पॉलिश करताना कोंड्याबरोबर तोही गेला. एकदा दिसली की ती खाच मग पानात भात वाढल्यावरही दिसायला लागते.

त्या खाचेची किंमत किती, हे जगाला कळलं कोंबड्यांमुळे. १८८९ सालची गोष्ट. जावा बेटावर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आयकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा जंतू शोधत होता. या रोगात पायातली शक्ती जाते, माणसं मरतातसुद्धा. एक दिवस प्रयोगशाळेच्या कोंबड्याच लडखडायला लागल्या, मान टाकायला लागल्या. आणि काही महिन्यांनी, कुणी काही औषध न देता, बऱ्या झाल्या! आयकमन चक्रावला. चौकशी केल्यावर कळलं की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला भात घालत होते, पांढऱ्याशुभ्र पॉलिश तांदळाचा. मग आचारी बदलला. नव्या आचाऱ्याने फर्मावलं, लष्कराचा भात साध्या कोंबड्यांना मिळणार नाही! त्यांना पुन्हा साधा, कोंडा असलेला तांदूळ घालायला लागले आणि त्या टुणटुणीत झाल्या. जंतू नव्हताच. कोंड्यात आणि अंकुरात असलेलं काहीतरी पोटात जात नव्हतं. त्या काहीतरीला आज आपण ब१ जीवनसत्त्व म्हणतो. आयकमनला १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. त्या हट्टी आचाऱ्यालाही निदान एखादं पदक द्यायला हवं होतं, असं माझं मत आहे.

अख्खं धान्य खाणं ही नवी फॅशन आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला शिरूर तालुक्यातच, वडगाव रासाईहून फार लांब नसलेल्या इनामगावला घेऊन जा. घोड नदीच्या काठावरच्या या गावात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या देखरेखीखाली जमिनीखालून एक अख्खं शेतकऱ्यांचं गाव वर आलं: घरं, चुली, धान्य साठवायची पेवं, रंगवलेली मडकी. वय किती? सुमारे इसवी सनपूर्व १६०० ते ७००. शिवाजी महाराजांच्या काळाच्या मागे जाऊन जाऊन दमलात तरी पोचणार नाही इतकं जुनं.

ही मंडळी खात काय होती ते कसं कळलं? जळक्या दाण्यांवरून. धान्य साधं पडलं तर कुजतं, नाहीतर मुंग्या-उंदीर नेतात. पण चुलीजवळ सांडून करपलं की त्याचा कोळसा होतो, आणि कोळसा ना मुंगीला आवडतो ना बुरशीला. कुणाच्या तरी हातून धान्य करपलं, तेव्हा त्या माणसाला ओरडा बसला असेल, आणि तीन हजार वर्षांनी शास्त्रज्ञांनी तेच दाणे सूक्ष्मदर्शकाखाली धरले! त्यात जव होते, गहू होता, मसूर, वाटाणा होता. आणि होता हुलगा.

हुलगा! म्हणजे ज्याचे शेंगोळे होतात तो. शिरूर, जुन्नर, नगरकडच्या पोरांना शेंगोळे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. हुलग्याचं पीठ सालासकट दळलेलं असतं, मातकट रंगाचं. त्यात लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून घट्ट गोळा मळतात. लिंबाएवढा गोळा घेऊन तळहातावर सर्रकन वळला की करंगळीएवढी लांब वळी होते. तिला वाकवून फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. शिजता शिजता पाणी दाट होतं, खमंग वास सुटतो, आणि थंडीत असा वाफाळता वाडगा हातात आला की बोलणं बंद. इनामगावकर शेंगोळे वळत होते की नाही हे दगडमातीवरून कळत नाही. पण फिरणारं जातं तेव्हा नव्हतं, धान्य दगडाच्या पाट्यावर पुढेमागे रगडून भरडावं लागे. कोंडा वेगळा काढायला त्यांच्याकडे यंत्र कुठलं! जे काय भरडलं जाईल ते सगळं पोटात.

वडगाव रासाईच्या शिवारात आज नजर टाकाल तिकडे ऊस. मग उसाला विसरून कसं चालेल? नदीपलीकडे दौंड तालुक्यात गुऱ्हाळं आहेत. काहिलीत रस उकळतो, खाली चुलवाणात चिपाडं जळतात. रसात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी टाकतात, मग मळी वर तरंगते ती झाऱ्याने काढायची. रस आटत आटत गूळ होतो. गुळव्याला तो कधी उतरवायचा हे वासावरून कळतं.

उसाचं पेर, रस, गूळ, साखर. ओळ एकच, पण दर टप्प्याला काहीतरी मागे राहत जातं. सगळ्यात आधी चोथा. पेर दाताने सोलून खाताना जबडा दुखतो, वेळ लागतो, दोन-तीन पेरांनंतर आपणच बास म्हणतो. साखरेत मात्र ९९ टक्क्यांहून जास्त निव्वळ शर्करा. एक किलो उसापासून कारखान्यात साधारण १०० ग्रॅम साखर निघते. पाव लिटरच्या थंडपेयाच्या बाटलीत असते २५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ती बाटली म्हणजे पाव किलो ऊस, चावायचे कष्ट वजा करून, दोन मिनिटांत घशाखाली. पोटाला पत्ता लागायच्या आत दुसरी बाटली उघडलेली असते.

आणि गूळ? इथे आजी माझ्यावर रागावणार, पण सांगते. गुळात साखरेपेक्षा थोडी खनिजं जास्त असतात, चव तर कितीतरी जास्त. तरी तो बहुतांशी साखरच आहे. शेंगदाण्यांबरोबर एक खडा मस्त. गूळ आहे म्हणून ढेपच पुढ्यात घ्यायची नाही. (आणि पेर मोडायला उसाच्या फडात एकटं शिरायचं नाही. बिबट्याला हा लेख वाचता येत नाही.)

वर्षातला एक दिवस असा आहे की ताटात जवळजवळ सगळंच अख्खं असतं. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि ओला हरभरा, पावटा, गाजर, वांगं, बोरं, शेंगदाणे एकत्र घातलेली भाजी. हे एका दिवसासाठीच का राखून ठेवायचं, हा माझा जुना प्रश्न आहे. बुधवारीसुद्धा भोगी करता येते. मधल्या सुट्टीत फुटाणे, भाजलेल्या शेंगा, हंगामात बोरं-पेरू, आणि बाजरीची कणसं भरली की शेतातच भाजलेला निंबूर. निंबूर चोळताना तळहात काळे होतात, ते शर्टाला पुसायचे नाहीत एवढंच.

आता कामगिरी. चार वाट्यांत ओलं फडकं घाला. एकीत अख्खी बाजरी, दुसरीत अख्खे मूग, तिसरीत मुगाची डाळ, चौथीत पांढरा तांदूळ. फडकं वाळू द्यायचं नाही. कुठे मोड येतील, कुठे नाही, हे आधीच वहीत लिहून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी पडताळा. हातसडीचा तांदूळ मिळाला तर पाचवी वाटी लावा, ती मोठी मजेशीर आहे, पण तिचं उत्तर मी फोडणार नाही.

आणि वाट बघता बघता घरातल्या बिस्किटाचा पुडा उलटा करा. मागे बारीक अक्षरात घटकांची यादी असते. नियम असा आहे की जो घटक वजनाने सगळ्यात जास्त, त्याचं नाव पहिलं. पुढच्या बाजूला बाजरीचं, नाचणीचं भलंमोठं चित्र असू दे, तुम्ही पहिलं नाव शोधा. मग दुसरं. बाजरी कितव्या नंबरवर येते ते मोजा, आणि ती यादी दुकानात उभं राहून, पुडा विकत घ्यायच्या आधी, आईला मोठ्याने वाचून दाखवा.